तासगावच्या पिकअपचा पुढचा शो, म्हणजे जाळी: रंग का सुटला आणि घरी पुन्हा कसा बसवला

या प्रकरणातली गाडी म्हणजे हंगामात द्राक्षं आणि बेदाणा, एरवी खताची पोती वाहणारी एक पिकअप. एमएच-10 पासिंग, आठ वर्षांच्या पुढची. मालक माझे दाजी, तासगाव तालुक्यात मळ्यात राहणारे. गाडी चालवतो भाचा. पुढच्या जाळीला, म्हणजे गॅरेजात जिला शो म्हणतात तिला, आदल्या दसऱ्याला गावातल्याच एका पेंटरकडून काळा रंग मारून घेतला होता. पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्याचे पोपडे निघाले. शिवाय मधली एक आडवी पट्टी तडकलेली आणि खालचा एक कान, म्हणजे शो गाडीला जिथं अडकतो ती जागा, तुटलेला, त्यामुळं कच्च्या रस्त्याला लागलं की शो खडखडायचा.

घरात दोन मतं होती. भाच्याचं म्हणणं, "मामा, नवाच टाकूया की. पाहिजे तसला मिळतोय." दाजी म्हणायचे, "पाव्हणं, काळा रंगच तर आहे, परत एक हात मारा आणि सोडा." माझं म्हणणं असं होतं, की शोच्या मागच्या अंगाला साच्यातच उमटलेली अक्षरं वाचल्याशिवाय दुकानात पायसुद्धा ठेवायचा नाही. कुठल्या कंपनीचा रंग, चमकदार की मॅट, कॅन की गन, हे सगळे नंतरचे प्रश्न. रंग ज्याच्यावर बसणार ते प्लास्टिक कुठलं हे आधी कळायला हवं, आणि गाडीच्या प्लास्टिकचं काम घरी करणारे नेमकं तेच बघत नाहीत.

पोपडा उलटा करून बघणे

सुटत आलेला एक पोपडा मी नखानं उचलला. तळहाताच्या निम्मा तुकडा अखंड हातात आला. उलटा करून उन्हात धरला, तर शोच्या प्लास्टिकवर जी बारीक खरबरीत नक्षी होती तिचा ठसा रंगाच्या आतल्या बाजूवर जसाच्या तसा उमटलेला. आणि जिथून तो निघाला तिथं प्लास्टिकवर रंगाचा ठिपकासुद्धा नाही. ती जागा कारखान्यातून आल्यासारखी स्वच्छ काळी होती.

एवढ्यावरून बरंच कळतं. खाली प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, राहून वरचा रंग निघाला असता, तर दोन थरांचं आपसात पटलेलं नाही असं म्हटलं असतं: प्रायमर न घासता रंग मारला, किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) आणि पीयू (पॉलियुरेथेन) अशा दोन जातींच्या रंगांची सरमिसळ झाली. रंग पावडरीसारखा हाताला लागला असता तर उन्हानं खाल्ला म्हणता आलं असतं. इथं रंग स्वतः धडधाकट होता, नुसता वर पसरून बसला होता. प्लास्टिकनं त्याला कधी धरलंच नव्हतं. पट्टीच्या कडेला एक खडा लागला, तिथून वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचं पाणी आत शिरलं, की पुढचं काम पाणीच करतं.

मग शो मागून पाहिला. प्लास्टिकच्या भागावर तो कशाचा आहे हे साच्यात उमटवायची पद्धत आयएसओ 11469 या मानकात ठरवून दिलेली आहे. दोन कोनाकृती खुणांच्या मध्ये अक्षरं असतात. बऱ्याच शोवर तिथं एबीएस असतं, ही प्लास्टिकची एक कडक जात. या शोवर निघालं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दाजींना ते समजावणं सोपं गेलं, कारण द्राक्षाच्या क्रेटवर ऑइल पेंटनं टाकलेलं नाव हंगामभरसुद्धा टिकत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. क्रेट बहुधा पॉलिथिलीनचे असतात आणि हा शो पॉलिप्रॉपिलीनचा. दोन्ही एकाच कुळातले. यांचा पृष्ठभाग असा असतो, की पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन बसतं. जिथं पाणी पसरत नाही तिथं रंगही नीट भिनत नाही. उलट एबीएसवर थिनर थोडासा चावतो आणि रंगाला पाय रोवायला जागा मिळते. म्हणून एबीएसच्या शोवर जे काम चांगलं टिकतं, तेच काम पीपीच्या शोवर पोपडे देतं.

अक्षरं झिजलेली असली तर तुटक्या कानाचा तुकडा पाण्यात टाकून बघायची रीत आहे. साधं पीपी पाण्यापेक्षा हलकं, घनता 0.90 ते 0.91, म्हणून तरंगतं. एबीएस साधारण 1.05, ते बुडतं. पण यात एक मेख आहे. गाडीच्या भागांत कडकपणा यावा म्हणून पीपीमध्ये टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी, घालतात, आणि ते वीस टक्क्यांच्या घरात गेलं की तेही बुडतं. बुडालं म्हणजे एबीएसच, असं धरून चालू नये. आमचा तुकडा तरंगला आणि अक्षरांशी जुळला.

नवा की जुना

भाच्याला हवा होता तो बाजारातला रुबाबदार शो: मोठी अक्षरं, मध्ये एलईडीची पट्टी, बारीक षट्कोनी जाळी. दिसायला झकास. पण शो ही गाडीची नाकपुडी आहे. रेडिएटर, एसी असेल तर कंडेन्सर, टर्बो गाडीत इंटरकूलर, सगळ्यांना वारा तिथूनच. हायवेला गाडी ऐंशीनं पळत असते तेव्हा वारा आपोआप घुसतो. खरी परीक्षा मे महिन्यात, रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढताना होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग जेमतेम, बाहेर रणरणतं ऊन. त्या वेळी वारा ओढायचं सगळं काम पंख्यावर येतं, आणि पुढं अर्धी बंद जाळी असली तर पंखा तरी कुठून ओढणार? टेंपरेचरचा काटा घाटात वर गेला की एलईडी काही कामाची नाही. एवढं ऐकल्यावर भाच्यानं तो हट्ट सोडला.

त्याच्या यादीत पुढचा लोखंडी गार्डही होता. त्यावर जास्त बोलायची गरज पडली नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं, की असे गार्ड लावणं हे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चं उल्लंघन आहे, कारवाई करा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीची दरवर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. तिथं तो काढून घेऊन जायचा आणि परत लावायचा हा उद्योग कशाला? शिवाय समोर माणूस आला तर त्या लोखंडानं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

नवा, गाडीला आला होता तसाच शो घेणं हा रास्त पर्याय होता, आणि दोन्ही बाजूंचे कान तुटलेले असते तर मी तोच सांगितला असता. निर्णय रंगावर नसतो, कानांवर असतो. रंग कितीही खराब असला तरी पुन्हा मारता येतो. बसायच्या जागाच गेल्या असतील तर तारेनं बांधलेला शो हादऱ्यांनी हलत राहतो आणि मागच्या नाजूक पत्र्यांवर घासतो. इथं एकच कान गेला होता आणि तुटका तुकडा भाच्यानं डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवला होता. म्हणून जुनाच दुरुस्त करायचं ठरलं.

काढताना

वेळ निवडली दिवाळीनंतरची. द्राक्षाची छाटणी उरकलेली, काढणीला अवकाश, गाडी रिकामी. पाऊसही गेलेला.

दाजींची सूचना होती, की शो गाडीवरच ठेवून कागद लावून रंगवावा. मी नको म्हणालो. शोच्या पट्ट्यांमधून रंगाचा फवारा थेट मागे जातो आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या बारीक पत्र्यांवर बसतो, फटी बुजतात. हेडलाइट आणि पुढची पांढरी रिफ्लेक्टर पट्टी खराब होते ती वेगळीच. आणि पट्ट्यांच्या आतल्या कडा रंगत नाहीत. पोपडा तर कडेपासूनच सुरू होतो.

बॉनेट उघडून वरचे बोल्ट दहाच्या पान्यानं निघाले. बाकी प्लास्टिकच्या लॉकवर होतं. या लॉकची मधली खिळी चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनं आधी उचलायची, मग बाकीचं लॉक ओढायचं. ऊन खाऊन कडक झालेली लॉक तुटतातच, म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी मूठभर आधीच आणून ठेवली होती. काम सकाळच्या गारठ्यात न करता ऊन वर आल्यावर केलं, कारण गार पीपी ठिसूळ असतं. एसीच्या कंडेन्सरपुढं खोक्याचा जाड पुठ्ठा उभा केला. तिथं पाना निसटला तर ॲल्युमिनियमची नळी फुटते आणि दोन पैशाच्या कामात गॅसचा खर्च येतो.

शो बाहेर आला तेव्हा आत जे दिसलं ते शोपेक्षा महत्त्वाचं होतं. कंडेन्सरच्या खालच्या भागात किडे, गवताचं तूस आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर बसला होता. हा थर प्रेशरनं समोरून मारायचा नाही. पत्रे वाकतात आणि घाण आणखी आत जाते. बागेच्या साध्या पाइपनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेर असं पाणी सोडलं. काळं पाणी बराच वेळ येत राहिलं. ज्यांना रंगाशी काही देणंघेणं नाही त्यांनीही हंगामाआधी एकदा शो काढून एवढं करून घ्यावं असं माझं मत आहे.

तडा आणि कान

पीपी रंगाला जसं जवळ करत नाही, तसंच गोंदालाही करत नाही. झटपट चिकटणारा गोंद आणि खाण्याचा सोडा ही जोडी एबीएसवर चालून जाते. पीपीवर हाताला घट्ट लागते आणि पहिल्या खड्ड्यात सुटते. हातानं मळून लावायच्या इपॉक्सीचंही तेच. पीपी जोडायचं तर वितळवून, आणि भर घालायची तीही पीपीचीच. काही जण केबल टाय वितळवून भरतात. ते नायलॉन असतं, पीपीशी एकजीव होत नाही. आम्ही तळाला पीपीचा शिक्का असलेल्या एका फुटक्या डब्याच्या चिंचोळ्या पट्ट्या कापल्या.

तड्याच्या दोन्ही कडा मागून चरीसारख्या तासून घेतल्या. गरम सोल्डरिंग आयर्ननं तळ वितळवत त्यात पट्टी भरत नेली. कानाच्या जागी मागून बारीक स्टीलची जाळी गरम करून प्लास्टिकमध्ये दाबून बसवली, कारण तिथं हादरा सगळ्यात जास्त. धूर होतो, म्हणून हे उघड्यावरच करावं. पुढून दिसणारी रेघ घासून सपाट केली. पुट्टी मुद्दाम घातली नाही. बारीक रेघ दिसली तरी चालेल, पण हलणाऱ्या पट्टीवरची पुट्टी रंगासकट निघते.

रंग

उरलेला जुना रंग बोटांनी आणि प्लास्टिकच्या पट्टीनंच निघाला, तो धरून नव्हताच. मग भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि हिरवी घासणी. भाचा दर आठवड्याला शोला डॅशबोर्डचं पॉलिश मारायचा. त्यात सिलिकॉन असतं, आणि त्याचा अंश राहिला तर ओल्या रंगात गोल गोल खड्डे पडतात. म्हणून साबणाचं धुणं एकदा झाल्यावर पुन्हा एकदा केलं, आणि पाणी वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. एका फडक्यानं ओलं, दुसऱ्या कोरड्यानं लगेच टिपून.

घासायला वॉटर पेपर, 400 नंबर, पाणी लावून. पीपी कोरडं आणि जाड पेपरनं घासलं की त्याला तुसं उठतात, आणि रंगानंतर ती आणखी ठळक दिसतात. कोपऱ्यांत पेपर जात नाही तिथं घासणीच बरी. चकाकी सगळीकडून गेली की थांबायचं.

आता ज्याच्यासाठी एवढी तयारी केली ते, प्लास्टिक प्रायमर. सांगलीत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मागितला तर दुकानदार 'प्लास्टिकचा प्रायमर' म्हणून वेगवेगळे डबे पुढं ठेवतो. डब्यावर पीपी, टीपीओ किंवा पॉलिओलेफिन (पीपीच्या कुळाचीच नावं) लिहिलेलं आहे का, ते वाचूनच घ्यायचा. त्यात क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असतं. त्याचं एक अंग पीपीला धरतं, दुसरं रंगाला. पाण्यासारखा पातळ, जवळजवळ रंगहीन. दिसत नाही म्हणून जास्त मारायचा मोह होतो, पण जाड थर झाला तर तो थरच कमजोर कडी बनतो. दोन हलके हात, आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेच्या आत वरचा रंग. वेळ टळली तर पुन्हा प्रायमर.

जागेवरून थोडी चर्चा झाली. बेदाण्याचं शेड त्या महिन्यांत रिकामं असतं: वर छप्पर, बाजूला शेडनेट, खेळती हवा. भाच्याला तीच जागा सोयीची वाटली. मी तिथं फवारा मारू दिला नाही. रॅकच्या जाळ्यांवर रंगाचे कण बसले तर चार महिन्यांनी त्याच जाळ्यांवर लोकांच्या खाण्याचा माल पडणार. शो अंगणाच्या कडेला दोरीवर टांगला, मागं ताडपत्री बांधली, खाली पाणी शिंपडून धूळ बसवली.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. या भागात दव किती पडतं हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. डावणी या द्राक्षावरच्या रोगाच्या धास्तीनं तो पहाटेच पानं चाळत असतो. तेच दव रंगाचंही वैरी. ओलसर हवेत थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते.

रंग निवडला सॅटिन काळा, साधा एका घटकाचा. हार्डनर घालायचा टू-के रंग डिझेल-पेट्रोलला जास्त टिकतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि धोक्याच्या पातळीला वाससुद्धा येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क तिथं शून्य. बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क ज्याच्याकडे आहे त्यानंच ते काम करावं. बुडाला बटण दाबून हार्डनर सोडायचे स्प्रे कॅन मिळतात, त्यांनाही हेच लागू. साध्या रंगालाही आम्ही सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क वापरला.

आधी पट्ट्यांच्या आतल्या कडा, वरून एकदा, खालून एकदा. समोरची बाजू सगळ्यात शेवटी. उलट केलं तर कडा रंगवताना समोरच्या बाजूवर भुकटी बसते. कॅन वीतभर लांब, हात थांबू द्यायचा नाही, फवारा पट्टीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिल्या हातात खालचं दिसत राहिलं तरी चालतं. भाच्याला ते बघवेना, "मामा, कमी पडतोय", म्हणून तो एका जागी रेंगाळला आणि तिथं ओघळ आला. ओला ओघळ पुसायचा नसतो. तो वाळू दिला, दुसऱ्या दिवशी 600 नंबरनं बसवला आणि तेवढ्यावर पुन्हा प्रायमर-रंग केला. एकूण तीन हलके हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं.

तपासणी

आठवडाभर शो पडवीत टांगून ठेवला, धुणं नाही, चोळणं नाही. मग मागच्या, न दिसणाऱ्या कडेवर चाचणी घेतली. धारदार कटरनं दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा, प्लास्टिकपर्यंत खोल. त्या चौकटीवर चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यानं ओढली. ही आयएसओ 2409 मधली पद्धत, घरी कुणालाही जमणारी. पट्टीवर रेघांच्या कडेची थोडी काळी भुकटी आली, चौकोन एकही निघाला नाही. जुन्या रंगाचा जो भाग मागं मुद्दाम राखला होता त्यावर तीच चाचणी केली, तर सगळी चौकट पट्टीबरोबर उठली. दाजींनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बघितल्या आणि रंगाचा विषय तिथं मिटला.

बसवताना सगळे बोल्ट आधी सैल, दोन्ही हेडलाइटशी फट सारखी करून मग आवळले. एकाच बाजूनं आवळत गेलं तर जोडलेल्या कानावर ताण येतो. दसऱ्याला बांधलेली घोड्याची नाल आणि काळी बाहुली परत लागणारच होती, लागायलाच हवी होती. पण ती ज्या लोखंडी तारेनं बांधलेली होती तिनंच मधल्या पट्टीवर चर पाडला होता आणि जुन्या रंगाचा पहिला पोपडा तिथंच सुटला होता. आता ती बंपरच्या ब्रॅकेटला सुती दोरीनं बांधली आहे, शोला स्पर्श होत नाही.

द्राक्षाचा हंगाम आणि आंब्याच्या खेपा झाल्यावर मी पुन्हा पाहिलं. हायवेला डंपरच्या मागं चालल्यानं खालच्या पट्टीवर दोन ठिकाणी खड्याचे टवके आहेत, मुगाच्या दाण्याएवढे. टवक्याच्या कडेला नख घातलं, कड उचलली जात नाही. जोडलेला कान घट्ट आहे. तड्याची रेघ तिरप्या उन्हात दिसते. टवक्यांवर 400 नंबर, तोच प्लास्टिक प्रायमर बारीक ब्रशनं आणि वर झाकणात फवारून घेतलेल्या त्याच रंगाचा ठिपका, एवढं काम पाऊस लागायच्या आत भाचा स्वतः करणार आहे.